काळाची जाडी, जागेची जाडी

यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर बोरी अरबला अडाण नदी लागते. आषाढ-श्रावणात नदी वाहती असताना, पाणी जिथे दगडावर आपटून उसळतं तिथला एक फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात काढा. लगेच, कॅमेरा जराही न हलवता, दुसरा फोटो पूर्ण एका सेकंदाचा काढा. पहिल्या फोटोत पाण्याचा थेंब न् थेंब सुटा दिसेल. काही गोल, काही लांबट, काही मधेच बारीक होऊन दोन व्हायच्या बेतात असलेले, आणि सगळे हवेत थांबलेले. दुसऱ्या फोटोत एकही थेंब नसेल. दगड जागच्या जागी, कडा न् कडा स्पष्ट. आणि त्यांच्यामधून पिंजलेल्या कापसासारखं पांढरं, मऊ काहीतरी पसरत गेलेलं.

नदी एक, ऊन तेच, भिंग तेच. आणि गंमत म्हणजे काठावर उभं राहून आपल्या डोळ्यांना यातलं एकही चित्र दिसत नाही. डोळाही काही काळाचा उजेड एकत्र करूनच बघतो. मंद उजेडात हा काळ साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असतो. थेंब सुटे दिसायला तो फार जास्त आहे, आणि पाण्याचा कापूस व्हायला फार कमी. म्हणून नदी आपल्याला चमचमती, अधलीमधली दिसते. कॅमेऱ्याने दाखवलेल्या दोन्ही नद्या तिथे खरोखर होत्या. आपल्याकडे त्या बघायचं साधन नव्हतं, एवढंच.

फोटो म्हणजे थांबवलेला क्षण असं आपण सहज म्हणून जातो. मला ते कधीच पटलेलं नाही. क्षणाला जाडी नसते, फोटोला असते. कॅमेऱ्याची झडप उघडते आणि मिटते, त्यामधल्या वेळात जे जे घडलं ते सगळं एकावर एक बसून एकच चित्र तयार होतं. ती वेळ म्हणजे शटर स्पीड. फोटोत उतरलेल्या काळाची ही जाडी. आणि भिंगाच्या आतल्या पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक, म्हणजे ॲपर्चर, आपल्यापासून क्षितिजापर्यंत पसरलेल्या जागेतला किती जाड थर स्पष्ट दिसणार हे ठरवतं. कॅमेऱ्यावर या दोघांसाठी फिरवायच्या दोन छोट्या चकत्या. एक काळाची जाडी ठरवते, दुसरी जागेची. कॅमेऱ्यात बाकी कितीही बटणं असोत, माझ्या मते माणसाने हात लावावा अशा मुख्य गोष्टी या दोनच.

आधी काळ. पावसाचं चित्र काढताना लहान मुलं तिरक्या रेघा ओढतात, आणि पावसाच्या फोटोतही बहुतेक वेळा रेघाच येतात. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने खाली येतो. झडप १/६० सेकंद उघडी असली तर तेवढ्यात तो साधारण पंधरा सेंटिमीटर उतरतो, आणि फोटोत वीतभर लांब, फिकट रेघ होते. १/१००० सेकंद ठेवा. आता तो जेमतेम नऊ मिलिमीटर हलतो. रेघ आखूड होत होत पुन्हा थेंब बनते. मग पाऊस कमी पडतोय असं वाटायला लागतं, कारण रेघांनी भरलेली जागा आता मोकळी दिसते! पाऊस तेवढाच असतो, आपण त्याचा पातळ काप घेतलेला असतो.

उलट्या टोकाला जा. १८३८ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेरने आपल्या खिडकीतून खालच्या गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं. तेव्हाच्या पत्र्यावर उजेड उमटायला काही मिनिटं लागत. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, माणसं होती. चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. चालणारा कुणीच एका जागी इतका वेळ टिकला नाही की त्याची खूण उमटावी. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस दिसतो, कारण तो बूट पुसून घेत उभा होता. छायाचित्रात आलेला बहुधा पहिला माणूस तो, आणि तो आला केवळ थांबला म्हणून. हा प्रयोग आजही करता येतो. भिंगावर काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावून आठवडी बाजारात तिपाईवर कॅमेरा ठेवा आणि झडप चार-पाच मिनिटं उघडी ठेवा. गिऱ्हाईक विरघळून जाईल. भाजीचे ढीग राहतील, ताडपत्र्या राहतील, आणि वजनकाट्यामागे दिवसभर बसून असलेली माणसं, थोडी धूसर, पण राहतील.

वेगाची खरी मजा बघायची तर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर थांबलेले पट डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर विदर्भात पुन्हा भरू लागले. जोडी सुटते तेव्हा सगळे बैलांकडे बघतात. फोटो काढणाऱ्याने जरा चाकाकडे बघावं. समजा जोडी सेकंदाला दहा मीटर पळतेय. १/३० सेकंदात ती ३३ सेंटिमीटर पुढे गेली, १/१००० मध्ये एक सेंटिमीटर. हे सोपं गणित झालं. पण छकड्याचं चाक काही एका वेगाने जात नसतं. घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या घडीला चक्क स्थिर असतो, आणि अगदी वरचा बिंदू छकड्याच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. म्हणून कॅमेरा स्थिर धरून १/१२५ च्या आसपास फोटो काढला, की एकाच चाकाचे खालचे आरे बऱ्यापैकी स्पष्ट येतात आणि वरचे पुसून जातात. बैलाच्या पायांचंही असंच. टेकलेला खूर स्पष्ट, उचललेला पाय धूसर. चाकाच्या गतीचं भूमितीच्या पुस्तकातलं कोडं झडपेने एका चित्रात सोडवून दिलेलं असतं. पट नसेल तर रस्त्याने जाणाऱ्या सायकलवरही हे बघता येईल.

मग कॅमेराच जोडीबरोबर फिरवला तर? धुरकऱ्यावर, म्हणजे छकडा हाकणाऱ्यावर, नजर रोखून, कमरेतून वळत, तो ज्या वेगाने जातोय त्याच वेगाने कॅमेरा फिरवत १/३० ला बटण दाबायचं. आता चौकटीच्या हिशेबाने धुरकरी स्थिर आहे आणि सगळं शिवार मागे पळतंय. बैलांचे डोळे, धुरकऱ्याची ओरडणारी जिवणी स्पष्ट. मागची गर्दी, झाडं, मंडप यांच्या आडव्या रेघा. पळण्याचा आवेग १/१००० च्या फोटोत अनेकदा हरवतो, कारण तिथे धूळसुद्धा गोठते. इथे तो परत येतो. कॅमेऱ्याला वेग ठाऊक नसतो. भिंगामागच्या चौकटीवर प्रतिमा किती सरकली एवढंच त्याला कळतं. त्यामुळे अंगाजवळून चालत गेलेली शेळी धूसर येते आणि दूरवरच्या रस्त्यावरचा भरधाव ट्रक स्पष्ट.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळली तेव्हा मी थक्क झालो होतो. चांगल्या कॅमेऱ्यातली झडप म्हणजे दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकून चौकट उघडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन ती झाकतो. पडद्याला चौकट ओलांडायला साधारण १/२५० सेकंद लागतो. मग १/१००० सेकंद कसा साधतात? पहिला पडदा अजून वाटेत असतानाच दुसरा त्याचा पाठलाग सुरू करतो, आणि दोघांमधली अरुंद फट चौकटीवरून सरकत जाते. चौकटीच्या प्रत्येक जागेला उजेड १/१००० सेकंदच मिळतो, पण सगळ्या जागांना एकाच वेळी नाही. फोटोचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळ्या वेळांचे असतात! फ्रान्समधल्या झाक आंरी लार्तिगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विशीतही नसताना, मोटारींच्या शर्यतीचा फोटो काढला. त्यात गाडीचं चाक पुढे झुकलेलं, अंडाकृती आहे आणि प्रेक्षक मागे कललेले आहेत. फट सरकत असताना गाडीही सरकत होती आणि त्याचे हातही. मोबाइलमध्ये पडदे नसतात, पण त्याचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. घरातल्या फिरत्या पंख्याचा फोटो काढला की पाती वाकडी येतात ती त्यामुळे. ट्यूबलाइटखाली मोबाइलच्या प्रो मोडमध्ये १/१००० ठेवलं तर अनेकदा भिंतीवर काळे-उजळ पट्टे दिसतात. वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला तो स्थिर भासतो, पातळ काप घेतला की लपत नाही.

आता आभाळातली वीज. मृगाच्या आगेमागे यवतमाळच्या आभाळात ती रात्र रात्र नाचते, आणि बोटाने बटण दाबून तिला पकडायला जाणाऱ्याच्या हाती अंधार येतो. कडाडणाऱ्या विजेतला मुख्य झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात होऊन जातो. बोट तिथवर पोचणार नाही. उपाय साधा आहे. घराच्या आत, खिडकीशी तिपाई लावा (उघड्यावर मुळीच नको; विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं दगावतात), झडप वीस-तीस सेकंद उघडी टाका आणि वाट बघा. बाहेर काळोख असल्याने तेवढ्या वेळात फारसं काही उमटत नाही. वीज आली की तीच आपला फोटो काढून जाते. झडप दहा सेकंद उघडी ठेवा की तीस, विजेची रेघ तितकीच उजळ येते, कारण ती होती तेवढाच वेळ होती. सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, तीच असेल तर रेघ मंद हवी की प्रखर हे ठरतं फक्त भोकाच्या आकारावर. आयएसओ १०० वर एफ/८ पासून (या आकड्याचा अर्थ पुढे येतो) सुरुवात करावी. वीज फार जवळ असेल तर भोक आणखी लहान. काळाची चकती इथे काही ठरवत नाही, ती नुसती ताटकळते. सगळा कारभार दुसऱ्या चकतीकडे जातो.

ही दुसरी चकती समजून घ्यायला कॅमेरा नसला तरी चालेल, एखादं दाट कडुलिंबाचं झाड पुरे. भर उन्हात त्याच्या सावलीत बघा. जमिनीवर उजेडाचे गोल कवडसे पडलेले असतात. वर पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या, त्रिकोणी, चिरल्यासारख्या असतात. मग कवडसे गोल कसे? कारण ती सूर्याची चित्रं आहेत. लहानशी फट म्हणजे भिंग नसलेला कॅमेराच. पाच मीटर उंचीवरच्या फटीतून पडणारा कवडसा साधारण साडेचार-पाच सेंटिमीटर रुंद असतो, कारण आकाशात सूर्याची रुंदी अर्धा अंश आहे. २६ डिसेंबर २०१९ ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण झालं. अशा ग्रहणात निरभ्र आकाश असेल तर झाडाखालचा प्रत्येक कवडसा कोरीसारखा होतो, जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडतात. मात्र फट मोठी असली की चित्र हरवतं आणि कवडशाला फटीचा आकार येतो. ॲपर्चरचं सगळं मर्म एवढ्यात आहे. भोक लहान, तर उजेड कमी पण चित्र रेखीव. भोक मोठं, तर उजेड पुष्कळ पण चित्र विस्कटलेलं.

भिंग ही अडचण अर्धी सोडवतं. मोठ्या भोकातून आत आलेला उजेड ते पुन्हा एका बिंदूत जुळवतं, पण केवळ एका ठरावीक अंतरावरच्या वस्तूपुरता. त्याच्या पुढच्या-मागच्या वस्तूंचे किरण चौकटीच्या अलीकडे किंवा पलीकडे जुळतात, त्यामुळे चौकटीवर बिंदूऐवजी उजेडाची छोटी टिकली उमटते. ही टिकली म्हणजे भोकाचीच प्रतिमा. फोटोत मागे अंधुक झालेले दिवे कधी गोल तर कधी षटकोनी दिसतात ते पात्यांमुळे. भोक ज्या आकाराचं, तो आकार प्रत्येक अंधुक दिव्यात. भोक लहान केलं की टिकल्याही लहान होतात, इतक्या लहान की डोळा त्यांना बिंदूच समजतो, आणि मागचं-पुढचं सगळं स्पष्ट वाटू लागतं.

आकडे मात्र उलटे चालतात, आणि नवशिक्याचा घोळ इथेच होतो. एफ/४ चं भोक मोठं, एफ/१६ चं लहान. हा भागाकार आहे असं धरलं की घोळ मिटतो. भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून ते दूरच्या वस्तूचे किरण जिथे जुळवतं तिथवरचं अंतर) ५० मिलिमीटर असेल तर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, भोक २५ मिलिमीटर. एफ/८ म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही माळ विचित्र दिसते, पण प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट आहे, म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या पटीत. व्यास तेवढा घटला की क्षेत्रफळ बरोबर निम्मं होतं, आणि उजेडही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बोरी अरबच्या शिवारात पऱ्हाटीची बोंडं फुटलेली असतात. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात उभं राहून दोन मीटरवरच्या एका बोंडावर ५० मिलिमीटरचं भिंग रोखा. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यात एफ/२ ला स्पष्ट दिसणारा थर जेमतेम वीस सेंटिमीटर जाड असतो. ते बोंड, त्याच्या शेजारचं पान, बस. पुढची पऱ्हाटी हिरवा धूर आणि मागची पांढरे ठिपके. एफ/१६ करा आणि थर पावणेदोन मीटरच्या आसपास जातो. अलीकडचं झाड, पलीकडचं झाड, वेचणाऱ्या बाईचा हात आणि तिची ओटी, सगळं त्यात येतं. आणि एफ/८ वर साधारण साडेदहा मीटरवर रोख धरला, तर पाच-सव्वापाच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं शिवार स्पष्ट. एकाच बोंडाचं चित्र हवं की सगळ्या हंगामाचं, हे तिथे भोकावर ठरतं.

आपल्या डोळ्यातही हेच आहे. बाहुली कडक उन्हात दोनेक मिलिमीटरची, अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत. कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण एफ/८ ते एफ/२. चष्मा न सापडलेली आजी मूठ अर्धवट मिटून त्या बारीक भोकातून एसटीची पाटी वाचते तेव्हा ती ॲपर्चर लहान करत असते, आणि तिला खरंच जास्त स्पष्ट दिसतं. मोबाइलचं भिंग एफ/१.८ वगैरे असतं, तरी त्यात मागचं सहसा धूसर होत नाही. कारण मोबाइलच्या भिंगाचं नाभीय अंतरच पाच-सात मिलिमीटर; भागाकार केला की खरं भोक तीन-चार मिलिमीटर उरतं. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा बहुतांशी गणिताने मागाहून घातलेला असतो, म्हणून केसांच्या कडांशी तो फसतो.

भोक जितकं लहान तितकं चित्र रेखीव, असंही कायम चालत नाही. एफ/२२ पाशी चित्र पुन्हा मऊ पडायला लागतं. उजेड ही लाट आहे, अरुंद भोकातून जाताना ती कडेला वळून पसरते. तो निसर्गाचा नियम आहे, महागडं भिंग घेऊन सुटका नाही. पण याच वळण्यातून एक सुंदर गोष्ट घडते. रात्री पुलावरच्या दिव्यांचा फोटो एफ/१६ ने काढला की प्रत्येक दिव्याला किरणांचा तारा फुटतो. सहा पात्यांच्या भिंगात सहा किरण. सात पात्यांच्या भिंगात चौदा! पात्याची प्रत्येक सरळ कड उजेड दोन विरुद्ध दिशांना फेकते. पाती सम असतील तर समोरासमोरच्या कडांचे किरण एकमेकांवर पडतात, विषम असतील तर सगळे वेगळे राहतात. फोटोतल्या दिव्याचे किरण मोजून भिंगात किती पाती आहेत हे घरी बसून सांगता येतं.

आता दोन्ही चकत्या एकदम फिरवू. निरभ्र दुपारी, आयएसओ १०० असताना, एफ/१६ आणि १/१२५ सेकंद हे जवळपास जगभर चालणारं माप आहे. जुने छायाचित्रकार उजेड मोजायचं यंत्र नसताना यावरच काम करत. भोक एक पायरी मोठं केलं की वेळ निम्मी करायची. एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००, एफ/५.६ ला १/१०००, एफ/४ ला १/२०००, एफ/२.८ ला १/४०००. सगळ्या फोटोंत उजेड सारखाच, आणि तरी एकही फोटो दुसऱ्यासारखा नाही. पहिल्यात जागा जाड, काळही जाड. शेवटच्यात दोन्ही पातळ. मात्र दोन्ही गोष्टी मनासारख्या मागता येत नाहीत. अडाणच्या पाण्याचा तो एका सेकंदाचा फोटो भर दुपारी साधा कॅमेरा देत नाही. भोक कितीही लहान केलं तरी उजेड मावत नाही. त्यासाठी संध्याकाळची वाट बघावी लागते, किंवा ती काळसर काच लावावी लागते.

या देवघेवीचा सगळ्यात थरारक प्रसंग वऱ्हाडातच घडला आहे. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून शिरून महाराष्ट्र तिरकी कापत गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नाएगमवाला आपली यंत्रं मांडून बसले होते. तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा चमूही होता. इकडे पुलगाव आणि धामणगावच्या मधल्या तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या लोकांनी मुक्काम ठोकला होता. धामणगाव म्हणजे यवतमाळच्या लोकांचं पूर्वापार रेल्वे स्टेशन. बोरी अरबहून तळणी काही फार लांब नाही. सगळ्यांच्या हातात होती सुमारे दोन मिनिटं.

अडचण उजेडाची होती. सूर्य झाकला गेला की त्याच्याभोवती प्रभामंडल दिसतं, पण ते सगळीकडे सारखं उजळ नसतं. सूर्याच्या कडेशी ते प्रखर असतं आणि बाहेर जाता जाता हजार पटीहूनही मंद होत जातं. आतला भाग नीट येईल अशी वेळ दिली तर बाहेरचा उमटत नाही. बाहेरच्यासाठी झडप जास्त उघडी ठेवली तर आतला जळून पांढराफटक होतो. कोणताही एक फोटो ते सगळं पकडू शकत नाही. लिकच्या चमूकडे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता, त्याचं भिंग पाच इंचांचं. भागाकार करून बघा: ४८० इंच भागिले ५, म्हणजे एफ/९६. सूर्याची प्रतिमा त्यात ११ सेंटिमीटरच्या आसपास, आतल्या भागातले बारीक तपशील टिपायला अप्रतिम. पण एफ/८ च्या साध्या भिंगाच्या तुलनेत त्याच्या फोटोच्या काचेवर प्रत्येक ठिकाणी पडणारा उजेड १४४ पट कमी.

तळणीला ॲनी मॉन्डर होत्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. १८९१ पासून ग्रिनिच वेधशाळेत नोकरीला होत्या. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर मॉन्डर यांच्याशी लग्न झाल्यावर ती नोकरी सोडावी लागली. त्यांच्याजवळ दीड इंची भिंगाचा छोटा कॅमेरा होता, गर्टनच्या शिष्यवृत्तीतून आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी घेतलेला. भिंग लहान, पण त्याचं नाभीय अंतरही थोडं. पसरलेल्या, मंद गोष्टीचा फोटो काढताना भिंग किती मोठं याला महत्त्व नसतं, भागाकार काय येतो याला असतं. चाळीस फुटी कॅमेरा जिथे उपाशी राहिला असता तिथे या छोट्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड मिळाला. त्यांच्या फोटोच्या काचेवर प्रभामंडलातून निघून सूर्याच्या रुंदीच्या कित्येक पट दूर गेलेला एक झोत उमटला. तोवर इतका लांब झोत कुणाच्याही फोटोत आला नव्हता. त्या मोहिमेचा वृत्तांत वॉल्टर मॉन्डर यांनी १८९९ मध्ये पुस्तकरूपाने काढला. ॲनी मॉन्डर यांना लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत प्रवेश मिळाला तो १९१६ मध्ये. वऱ्हाडाच्या एका शेतगावात, दोन मिनिटांत, दीड इंच काचेने हे साधलं याचा मला एक वऱ्हाडी वाचक म्हणून फार अभिमान वाटतो, आणि आपल्या शाळांमध्ये ही गोष्ट सांगितली जात नाही याचं वाईटही वाटतं.

ग्रहणाची वाट बघावी लागते, कोजागरी दरवर्षी येते. चंद्राचा फोटो काढणारे बहुतेक जण रात्र आहे म्हणून झडप खूप वेळ उघडी ठेवतात आणि पांढरा ठिपका घेऊन घरी जातात. चंद्रावर रात्र नसते! पौर्णिमेच्या चंद्रावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं, आपल्या पऱ्हाटीवर दुपारी पडतं तेच. म्हणून त्याला मापही दुपारचंच लागतं. आयएसओ १००, एफ/११, १/१२५ सेकंद. दुपारच्या एफ/१६ पेक्षा एक पायरी जास्त, कारण चंद्राची माती काळपट आहे, जुन्या डांबरी रस्त्याइतकीच. आपल्याला तो चांदीचा दिसतो तो आजूबाजूच्या काळोखामुळे. अपोलोच्या अंतराळवीरांच्या फोटोंत आकाशात तारे का नाहीत याचंही उत्तर हेच. त्यांचे कॅमेरे दुपारच्या मापावर लावलेले होते.

मग कॅमेरा चंद्राकडून फिरवून चांदण्यातल्या शिवारावर धरा. पौर्णिमेचं चांदणं उन्हापेक्षा साधारण चार लाख पट मंद असतं. गणित केलं तर एफ/१६ ला तासाला थोडाच कमी वेळ लागेल. पण भोक एफ/२.८ पर्यंत उघडलं आणि आयएसओ ८०० केला की सोळा सेकंद पुरतात. येणारा फोटो बघून पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. ती दुपार असते. पऱ्हाटी हिरवी, माती काळी-तपकिरी, आकाश निळं, झाडांच्या सावल्या जमिनीवर, आणि त्या निळ्या आकाशात चांदण्या! चांदणं निळसर-करडं असतं ही समजूत आपल्या डोळ्यांची आहे. मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत. उजेडात रंग असतातच. सोळा सेकंद साठवले की ते वर येतात.

अमावास्येच्या आसपास तीच तिपाई उत्तरेकडे तोंड करून लावा. बोरी अरबहून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर सुमारे वीस अंशांवर दिसतो, कारण गावाचं अक्षवृत्त तेवढंच आहे. झडप एक तास उघडी ठेवा, किंवा तीस-तीस सेकंदांचे १२० फोटो ओळीने काढून नंतर एकावर एक बसवा. चांदण्यांचे ठिपके राहत नाहीत; प्रत्येकीची पंधरा अंशांची कमान होते. तेवढ्या वेळात पृथ्वीच्या फिरण्याबरोबर सगळं गाव कॅमेऱ्यासकट पूर्वेला सुमारे १५७० किलोमीटर गेलेलं असतं. आणि फोटो मोठा करून मधोमध नीट बघितलं तर ध्रुवसुद्धा ठिपका नसतो. आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं त्यापासून तो अंशाच्या साधारण दोन-तृतीयांश बाजूला आहे. त्यामुळे त्या एका तासात त्यानेही बारीकशी रेघ ओढलेली असते, चंद्राच्या रुंदीच्या एक-तृतीयांश लांबीची.